बाटलीच्या पाठीवरची नावं

अक्का,

आज पुन्हा नवी पेठेत गेले आणि काही न घेता परत आले. दुकानातल्या शाम्पू-कंडिशनरच्या मांडणीसमोर उभी राहिले, एकेक बाटली उचलली, फिरवली, पाठ वाचली, ठेवली. सगळ्या बाटल्या मी पाठमोऱ्या ठेवत गेले हे माझ्या ध्यानातही आलं नाही. दुकानातली मुलगी जवळ आली. "काय पायजे सांगा की मॅडम. मघापासनं सगळ्या उलट्या करून ठेवलाव." मी म्हटलं, "बहिणीसाठी बघतेय." मग मला तिथं थांबवेना. तुला जाऊन बारा दिवस झाले आणि मी अजून तुझ्यासाठी बाटल्या वाचतेय.

घरी येऊन हे लिहायला बसलेय. बसलेय म्हणजे दोन ओळी लिहिते आणि उठते. पुसलेला ओटा पुन्हा पुसते, गॅस बंद आहे का बघते, परत येते. तुझ्या दिवसांची शिवगणाराधना झाली, पाहुणे गेले, उद्यापासून कामावर जायचंय. जो तो सांगतो, रडून घे, मोकळी हो. रडले की. पुष्कळ रडले. पण आपलं भांडण होतं तिथंच आहे आणि भांडायला तू नाहीस. मी तुला शेवटचं जे बोलले ते बायकांसमोर बोलले आणि त्यातली निम्मी गोष्ट गिळून टाकली. ती निम्मी गोष्ट माझ्या घशात बसलीय.

तुला शेवटची अंघोळ घालायची होती त्या सकाळचं आधी सांगते. केस विजूनं धुवायचे, सख्खी बहीण आहे, असं तुझ्या चुलत सासूबाईंनी ठरवलं. मी म्हटलं, थांबा, आतून काहीतरी आणते, आणि पुढच्या खोलीत, तुझ्या पार्लरमध्ये शिरले. फळीवर अकरा बाटल्या होत्या आणि शेवटी तुझी बरणी. 'कस्तुरी जवस जेल, केमिकल नाही.' मी झाकण उघडलं. आंबूस वास आला. कडेला पांढरी बुरशी धरली होती.

मी म्हटलं होतं तेच झालं होतं, अक्का. मी बरोबर होते. बरोबर असण्याचा इतका राग मला आयुष्यात कधी आला नव्हता.

बरणी ठेवली आणि दुसरी बाटली उचलली. आणि काय केलं सांगू? पाठ वाचायला लागले. पाणी, सिटिअरिल अल्कोहोल, पुढचं, त्याच्या पुढचं. मागच्या दारी बायका खोळंबलेल्या, तू पाटावर बसवलेली, आणि मी ओळीवर बोट ठेवून वाचतेय. हे नको, यात सिलिकॉन आहे. हे नको, याचा वास तुला आवडत नाही. बाहेरून हाक आली, "विजू, पानी निवतंय की गं." मी रिकाम्या हातानं बाहेर गेले आणि नुसतं पाणी घातलं. तुझी वेणी सोडली तेव्हा ती माझ्या दोन्ही मुठींत मावेना. सगळ्या घरकुल वसाहतीच्या डोक्यांना नाना प्रकार लावणारी तू, स्वतःबद्दल विचारलं की म्हणायचीस, "माज्या डोस्क्याला खोबरेल बास." मला ते खरं वाटायचं.

उठून पाणी पिऊन आले. आता ड्रमचं लिहिते. तेवढ्यासाठीच तर बसलेय.

मी तेवीस वर्षांची होते. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात रंगखात्याच्या लॅबमध्ये नुकतीच लागले होते. लॅब म्हणजे पत्र्याची खोली, एक काटा, एक घड्याळ आणि मी. माझं काम आजही तेच आहे. सॉफ्टनर दिलेल्या टॉवेलचा तुकडा पसरायचा, वरून पाण्याचा एक थेंब टाकायचा आणि तो आत जिरायला किती सेकंद लागतात ते मोजायचं. सॉफ्टनर जास्त झालं की थेंब वर मण्यासारखा बसून राहतो. हाताला टॉवेल लोण्यासारखा लागतो, पण अंग पुसायला घेतला तर पाणी काही पीत नाही. ग्राहक हात लावूनच घेतो, म्हणून मालक म्हणायचे टाका थोडं जास्त, आणि मी म्हणायचे नाही. भांडखोर म्हणून माझं नाव पहिल्याच महिन्यात झालं.

त्याच वर्षी तू कुंभारीच्या घरकुलात पुढच्या खोलीला आरसा लावून पार्लर काढलंस. पहिलीच नवरी आली ती शेजारच्या गल्लीतली रेणुका. केस गुडघ्यापर्यंत, पण लहानपणापासून विड्या वळणारी पोरगी. तंबाखूच्या धुळीनं केस खराट्यासारखे झालेले. तुझा फोन आला. "विजू, केस लई राठ हायेत गं. मऊ हुयाचं काय तरी आन की. पयलीच नवरी हाय." 

आणि मी आमच्या ड्रममधलं सॉफ्टनर पाण्याच्या बाटलीत भरून आणलं. तू वास घेऊन विचारलंस, "हे टावेलचं न्हवं?" मी म्हटलं, "आमच्यात सॉफ्टनर म्हणतात, पार्लरात कंडिशनर म्हणतात. कूळ एकच आहे." पुस्तकातलं होतं, खोटं नव्हतं. ओलं सूत आणि ओला केस, दोन्हीवर ऋण भार असतो, आणि धन भाराचं जे काही असेल ते त्याला जाऊन चिकटतं. "म्हंजे सोयरीकच की," तू म्हणालीस. मी बी.एस्सी. झालेली. तू मामाकडे राहून अक्कलकोटच्या पलीकडं कन्नड शाळेत सातवी शिकलेली. मराठी तू दुकानांच्या पाट्या वाचून शिकलीस. वाचायला यायचं, लिहायला हात वळायचा नाही. मला मात्र कन्नड फक्त बोलता येतं, तुमच्या त्या गोल गोल अक्षरांपुढे मी अडाणी. पण आपल्या घरात शिकलेली म्हणजे मी, आणि शिकलेल्या बहिणीवर तुझा विश्वास होता.

कूळ एक असलं म्हणून सगळीच नाती चालत नाहीत, एवढं साधं मला कळलं नाही.

लग्नात रेणुकाचे केस बोटांतून निसटत होते. बायका हात लावून बघत होत्या. तुला तिथंच दोन नवऱ्या मिळाल्या. पंधरा दिवसांनी रेणुका माहेरी आली ती थेट तुझ्या दारात. केस ओल्या सुताच्या लडीसारखे लोंबत होते, टाळूला खाज, पांढरे पापुद्रे. सासरी तिला म्हणाले होते, हिच्या डोक्याला रोग आहे, लपवून दिली पोरगी. रडत होती. तू तिला रिठ्यानं आणि शिकेकाईनं चार शनिवार धुतलंस तेव्हा ते सुटायला लागलं. तिला तू एवढंच सांगितलंस, "माज्या हातनं चुकीचं लागलं." काय लागलं ते सांगितलं नाहीस. कोणी आणलं तेही नाही. आणि त्यानंतर दर शनिवारी तिचं डोकं धुणं हे तुझं काम झालं. चौदा वर्षं. तिला दोन पोरं झाली, सासरचे इथंच राहायला आले, पण शनिवार चुकला नाही.

मला तू रागावली नाहीस. मी वाट बघत होते. तू रागवायला हवं होतंस, अक्का. तू फक्त म्हणालीस, "इरली बिडू. झालं ते झालं. पर त्या ड्रमवर काय लिवलंय ते मला वाचून दाखीव." दोनशे पानी वही काढलीस आणि मी सांगितलेलं कन्नडमध्ये उतरवून घेतलंस. ती आपली पहिली बाटली. तिथून आपण दोघींनी किती बाटल्या वाचल्या असतील?

मी पाठ वाचायची आणि तू लिहायचीस. जे जास्त घातलेलं असतं त्याचं नाव आधी, हे कळल्यावर तू प्रत्येक बाटलीचं पहिलं नाव मोठ्या आशेनं विचारायचीस. "पयलं काय?" पाणी. "हिचं?" पाणी. सातव्या बाटलीला वैतागलीस, "म्हंजे आपुन बारा म्हयने पानीच लावतोय की गं!" अल्कोहोल ऐकून तर तू बाटली बाहेर ठेवून आलीस. बायकांच्या डोक्याला दारू लावल्याचं पाप मला नको म्हणालीस. ही दारू नव्हे, मेणाच्या जातीचं असतं, हे पटवायला मला आठवडा लागला. पटल्यावर तू त्याचं नावच मेण ठेवलंस. सिलिकॉनचं नाव पॉलिश.

आणि ती जास्वंदीची बाटली! पुढं बाटलीएवढं लालभडक फूल, आणि पाठीवर जास्वंद कुठं, तर पार खाली, वासाच्या मागे. वास म्हणजे चिमूटभर घालतात, त्याच्याही मागे म्हणजे नावापुरतं. तू कपाळावर हात मारलास. "चित्र येवडं मोठं नि फूल वासाच्या मागं?" तेव्हापासून आपल्यात तो शब्दच पडला. कोणी मोठमोठ्या बाता मारून गेला की तू माझ्याकडे बघायचीस आणि हळूच म्हणायचीस, "वासाच्या मागचा हाय." भर लग्नात एकदा नवऱ्या मुलाच्या मामाबद्दल म्हणालीस आणि मला अक्षता तोंडावर धरून हसावं लागलं.

एकाच कंपनीच्या दोन बाटल्या आणल्या होत्या, एक कोरड्या केसांची, एक रंगवलेल्या केसांची. मी वाचत गेले, तू समोरासमोर लिहीत गेलीस. नवव्या नावापर्यंत नाव तेच, क्रम तोच. तू पेन खाली ठेवलंस. "जुळ्या भनी. लुगडी येगळी." मग बाटल्या ओळखायचं तुला असं वेड लागलं की पार्लरमध्ये आलेली बाई पिशवीतून आपली बाटली काढून तुलाच विचारायची, अक्का, हिच्यात काय हाय बगा की.

एक वाद तू जिंकलास तो कबूल करून टाकते. मला पॉलिशचा राग. टॉवेल नासवतं ते केस नासवणारच, असं माझं गणित. प्रत्येक बाटलीत ते निघालं की मी तोंड वाकडं करायची. एकदा तू कंगवा हातात घेऊन थांबलीस. "विजू, टावेलनं पानी प्यायचं असतंय. केसानं न्हाय. केसाला पानी पाजून काय करतीस?" पुढं सहा महिने मी त्याचं उत्तर शोधत होते. मी दिवसभर थेंब मोजते म्हणून जगात सगळ्यालाच थेंब लावून बघते, हे माझ्याबद्दल मला कोणी सांगितलं नव्हतं. तू कंगव्याने गुंता सोडवता सोडवता सांगून टाकलंस.

आता त्या शनिवारचं. पुन्हा उठून आले. टाळता येत नाही.

तू जवस उकळून, गाळून, लिंबू पिळून ते बरण्यांत भरायला लागली होतीस. हाताला फार छान लागायचं, ते मी कधी नाकारलं नाही. त्या दिवशी बरणीवर नवं छापील लेबल दिसलं आणि माझ्यातली लॅब जागी झाली.

"'केमिकल नाही' हे कुणी लिहायला सांगितलं?"

"मीच. बरं दिसतंय न्हवं?"

"अक्का, पाणीसुद्धा केमिकलच असतं."

"बायकांना तसलं सांगून कळत न्हाय. त्या एकच इचारत्यात, केमिकल न्हाय न्हवं?"

"म्हणून नाही म्हणायचं? एवढी वर्षं दुसऱ्यांच्या बाटल्यांचं खोटं उघडं पाडलंस आणि आता जास्वंदीचं चित्र तूच छापतीस?"

"खोटं काय हाय त्यात? जवस, पानी, लिंबू. हाय का सांग केमिकल?"

"टिकवायचं काही घातलं नाहीस. आठ दिवसांत आंबेल."

"मी चार दिवसाला नवं करती."

"लेबलावर लिहिलंय का, चार दिवसांत वापरा म्हणून?"

तू थांबलीस. तिथं माझं म्हणणं संपलं होतं, तुला पटलं होतं, मी गप्प बसायचं होतं. तू म्हणालीस, "माज्या हातचं हाय विजू. माज्या हातावर इश्वास हाय बायकांचा." त्यात दुखवण्यासारखं काय होतं? काहीच नव्हतं. मला वाटलं, आमच्या शिक्षणावर नाही वाटतं विश्वास. एवढंच कारण. आणि माझ्या तोंडून निघालं, "हाच हात ना? ह्याच हातानं तू रेणुकाच्या डोक्याला टॉवेलचं सॉफ्टनर फासलंस, लग्नाच्या दिवशी. ड्रममधलं. विचार तिलाच, विश्वास आहे का."

रेणुका खुर्चीत होती. तिचे ओले केस तुझ्या हातात होते. बाकावर आणखी दोघी बसलेल्या. रेणुकानं आरशातून माझ्याकडे नाही, तुझ्याकडे पाहिलं.

"व्हय," तू म्हणालीस. "लावलं हुतं. माजी चूक."

आणि पुन्हा कंगवा फिरवायला लागलीस. खालच्या टोकापासून वर, गाठ न ओढता. मी उभीच राहिले. तू फक्त एवढं विचारायचं होतंस, आणलं कुणी? मी तिथल्या तिथं मेले असते, पण सुटले असते. तू विचारलं नाहीस आणि मी सांगितलं नाही. पर्स उचलली आणि रिक्षा स्टॉपवर आले.

चार दिवसांनी तुझा फोन आला. मी थेंब मोजत होते. पडद्यावर 'अक्का' दिसलं आणि मी फोन वाजू दिला. वाटलं, तू रागावशील. मग वाटलं, रागावली नाहीस तर? ते जास्त सोसलं नसतं. शनिवारी जाऊन बोलू म्हटलं. दोन शनिवार तसेच गेले. तिसऱ्या शनिवारच्या आधी, गुरुवारी सकाळी, चहा ठेवता ठेवता तू खाली बसलीस ती बसलीसच. तो थेंब किती सेकंदांत जिरला होता ते अजून माझ्या रजिस्टरात आहे. तुला काय सांगायचं होतं ते कुठंच नाही.

इथवर मंगळवारी लिहिलं आणि कागद तसाच ठेवून दिला. आज शनिवार. अर्धी रजा टाकून कुंभारीला जाऊन आले. तेवढं सांगते आणि थांबते.

दाजींनी बोलावलं होतं. माझे दाजी म्हणजे तुझा नवरा, हे तुला सांगावं लागतंय का? पण मला ते हल्ली तसे वाटत नाहीत, होटगीच्या रेल्वेतून रिटायर झालेला कुणीतरी एकटा माणूस वाटतो. शटर उघडून आत बसले होते. म्हणाले, "ह्या बाटल्यांचं काय करायचं ते तुलाच ठावं." मी बरणीचं विचारलं. म्हणाले, "ती तवाचीच हाय. त्या शनवारपास्नं तिनं जवस भिजत घातलंच न्हाय."

मी बाकावर बसले. म्हणजे माझं ऐकून तू करणंच सोडलंस, ती बरणी शेवटची होती. बरोबर असण्याचा आणखी एक हप्ता मिळाला मला.

मग त्यांनी वही काढून दिली. "ही तुला लागंल." मी उघडली. तुझं अक्षर ओळखू येतं, पण वाचता येत नाही. चौदा वर्षं मी सांगत होते आणि तू लिहीत होतीस, आणि एकदाही मला वाटलं नाही की तू काय लिहितेस ते आपल्याला वाचता यावं. मला वाटायचं, मी सांगते तेच लिहीत असणार, दुसरं काय. मी म्हटलं, "दाजी, वाचून दाखवा की." त्यांनी चष्मा लावला आणि मधलंच एक पान काढलं. मराठी करत नावं वाचली, पाणी, मेण, पॉलिश. मी उठणार होते. पण नावं संपल्यावर खाली तुझ्या आणखी ओळी होत्या. "कुनी आनलं, विजू. कुनाला लावलं, आदी मला. आट दिस बगितलं. काय झालं, बरं हाय, जरा जड." पुढचं पान. "कुनी आनलं, विजू. कुनाला लावलं, आदी मला. काय झालं, टाळूला आग. कुनाला लावायचं न्हाय." आणखी पुढचं. आधी मला. आधी मला. खोबरेल बास म्हणणारी तू, प्रत्येक बाटली आधी स्वतःच्या डोक्यावर घेत होतीस, आणि मला कळू दिलं नाहीस.

तेवढ्यात दारात रेणुका. अंगावर विडीकामाचा वास, केस बांधलेले. शटर उघडं दिसलं म्हणून आली होती. दाजींनी तिला बस म्हणून खूण केली आणि वहीचं पहिलं पान उलगडलं. मी थांबा म्हणायला हवं होतं. नाही म्हटलं.

"टावेलचं," दाजी वाचायला लागले. ड्रमवरची नावं मी तुला सांगितली होती तशीच्या तशी. "कुनाला लावलं, रेणुका. काय झालं, खाज, केस चिकाट, पोरगी लई रडली. कुनी आनलं..." त्यांनी चष्मा वर केला, पुन्हा खाली केला. "नानू. कन्नडात म्हंजे, मी. ती सोता."

दाजी पुटपुटले, "ही कशाला आनंल? हिच्या वळखीचं कोन हाय टावेलच्या कारखान्यात?"

आणि मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

अक्का, ज्या लिपीत मला वाचता येत नाही त्या लिपीतसुद्धा तू मला वाचवलंस. स्वतःच्या वहीत. जी कोणी बघणार नव्हतं. सगळ्या बाटल्यांच्या पाठी खरवडून खरं काढणारी तू, पहिल्याच पानावर खोटं लिहून ठेवलंस, आणि ते माझ्यासाठी. मला तुझा इतका राग आला की डोळ्यांपुढे अंधारी आली. आणि इतकी माया आली, की तू समोर असतीस तर तुला गदागदा हलवलं असतं.

"अक्कानं नाही," मी म्हटलं. "मी आणलं होतं. तिनं विचारलं होतं टॉवेलचं ना म्हणून. मीच म्हटलं, चालतं. रेणुका, तुझ्या डोक्याला जे झालं ते माझ्यामुळं."

रेणुकानं आरशातून माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "मग त्या शनिवारी का बोललाव नाही?"

भीती, म्हणावं तर ती लहान पोरांना असते.

"अक्का त्याच्या पुढच्या शनिवारी माझ्या पाया पडायला निघाल्या होत्या," ती म्हणाली. "मीच हात धरली. म्हटलं, काय करतायसा अक्का, मी कवाच विसरले. पण त्या काय तुमचं नाव घेतल्या नाहीत."

ती उठेल आणि जाईल असं मला वाटलं. ती उठली, आणि तुझ्या खुर्चीत जाऊन बसली. केस सोडले. तंबाखूची धूळ उजेडात उडाली. "दोन शनिवार चुकले माझे. धुवा आता."

"मला येत नाही."

"मग शिका की."

मी फळीवरून बाटली काढली. तिनं आरशातून विचारलं, "तुमी आणलाव ती का अक्कानं?" "मी." "मग वाचा आधी पाठ. मोठ्यानं." मी वाचली. पाणीपासून सुरुवात केली आणि वासाच्या मागचं शेवटचं नावसुद्धा सोडलं नाही. एकेका नावाला ती मान हलवत होती, जशी काही तिला सगळं कळतंय. कळतच असेल, चौदा वर्षं तुझ्या हाताखाली होती. मग म्हणाली, लावा. मी वरून कंगवा घातला तशी ओरडली, "खालनं! अक्का खालनं घ्यायच्या!" खालून घेतलं. पुसायला टॉवेल घेतला. मी आणून दिलेल्यांपैकीच, आमच्या कारखान्यातले नापास, थेंब न पिणारे. तू ते इतक्यांदा उकळून धुतलेस की आता एकदम पाणी ओढून घेतात. मी नापास केलेले, तू पास करून ठेवलेस.

जाताना रेणुका म्हणाली, "पुढच्या शनिवारी अर्धी रजा मिळंल का तुमाला?" मी म्हटलं, बघते. दाजी म्हणाले, "मिळंल. चावी घिऊन जा."

ते आत चहा करायला गेले. मी वहीचं कोरं पान काढलं आणि नावं लिहिली. कोणी आणलं, विजू. कोणाला लावलं, रेणुका. काय झालं, गाठ ओढली, ओरडली, बसून राहिली. 'आधी मला' तेवढं लिहिता आलं नाही, कारण आधी मला लावलं नव्हतं. पुढच्या वेळी लावीन.

मग पहिल्या पानावर गेले. तुझ्या त्या 'नानू'च्या खाली थोडी जागा होती. मी खोडलं काही नाही. खाली लिहिलं, 'हे खोटं आहे. हे विजूनं आणलं.' मराठीत लिहिलं. तुला मराठी वाचता यायचं.